हाकेच्या अंतरावरची बोट

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी चारच्या सुमारास 'नीलकमल' नावाची लाँच गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे चालली होती. तिच्यावर शंभराच्या वर माणसे होती. लेणी पाहायला निघालेली कुटुंबे होती, परगावचे पर्यटक होते, लहान मुले होती. नौदलाची एक स्पीडबोट इंजिनाची चाचणी घेत त्याच पाण्यात फिरत होती. तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती थेट लाँचवर येऊन आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जण गेले. त्या धडकेचे मोबाइलवरचे चित्रण संध्याकाळपर्यंत राज्यभर पोचले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावातही ते पाहून माणसे हळहळली.

गेलेल्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. पण त्या दुपारी जवळजवळ शंभर माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. ती कशी वाचली, याची चर्चा दोन दिवसांत मागे पडली. खरे शिकण्यासारखे तिथेच आहे.

नौदलाची हेलिकॉप्टरे आली, तटरक्षक दलाच्या आणि सागरी पोलिसांच्या बोटी आल्या. पण सुरुवातीची मोलाची मिनिटे ज्यांनी सांभाळली, त्या बोटी मुळात याच कामासाठी निघालेल्या नव्हत्या. न्हावाशेवा बंदराची एक पायलट बोट त्या भागात होती. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजावर वाट दाखवणारा पायलट नेऊन सोडायचा आणि जाणाऱ्या जहाजावरून परत आणायचा, एवढेच तिचे रोजचे काम. तिने तोंड वळवले आणि पाण्यातली माणसे एकेक करून वर ओढून घेतली. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची एक गस्ती बोटही जवळच होती. तिच्यावरच्या जवानांनी नंतर सांगितलेली हकिकत अंगावर काटा आणते. लाँच खाली जाते आहे हे दिसल्यावर काही आईबाप आपली पोरे पाण्यात सोडायच्या बेतात होते. निदान ती तरी कुणाच्या हाती लागतील, एवढीच आशा. जवानांनी ओरडून त्यांना थांबवले, बोट लाँचला भिडवली आणि सगळ्यांत आधी मुले उतरवून घेतली.

पाण्यावरच्या संकटात जीव वाचवते ती जवळची बोट. ती सर्वांत मोठी किंवा वेगवान असेलच असे नाही. म्हणून जवळच्या बोटीला थांबणे बंधनकारक हवे, तिला खबर मिळायला हवी, तिच्यावर दोर, बोया आणि माणसे वर घेण्याची सोय हवी. आणि ती येईपर्यंत पाण्यातला माणूस तरंगत राहायला हवा. समुद्राने हे नियम फार मोठी किंमत देऊन मिळवले. आपल्या नद्या आणि धरणे मात्र अजून त्यांच्याविना चालली आहेत.

किंमत केवढी, ते 'टायटॅनिक'ने दाखवले. एप्रिल १९१२ च्या त्या रात्री 'कॅलिफोर्नियन' हे जहाज तुलनेने जवळ होते, पण त्याचा बिनतारी संदेश घेणारा कर्मचारी काम संपवून झोपला होता. जवळपास ५८ मैलांवरून 'कार्पेथिया' हे प्रवासी जहाज बर्फाच्या पाण्यातून पूर्ण वेगाने आले आणि सातशेच्या वर माणसे त्याने उचलली. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज १९७४ चा करार लागू आहे. संकटातल्या माणसांची खबर मिळाली की शक्य तितक्या वेगाने मदतीला जाणे कप्तानाला बंधनकारक आहे. बुडणारा कुठल्या देशाचा, त्याच्याजवळ कागदपत्रे आहेत की नाहीत, हे पाहायचे नाही. जाता आले नाही तर त्याचे कारण जहाजाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे लागते.

हा नियम पाळला की काय घडते, हे जून २०२४ मध्ये कॅनरी बेटांच्या दक्षिणेला दिसले. आफ्रिकेतून युरोपकडे निघालेली स्थलांतरितांची एक मच्छीमार होडी शेकडो मैल आत समुद्रात भरकटली होती. ती आधी एका मालवाहू जहाजाच्या नजरेस पडली. मग स्पेनच्या बचाव यंत्रणेने त्या भागातल्या 'इन्सिग्निया' या क्रूझ जहाजाला तिकडे वळवले आणि त्याने ६८ जणांना वर घेतले. होडीत काही मृतदेहही होते. सुटीवर निघालेल्या प्रवाशांचे जहाज होते ते, पण त्यावर डॉक्टर होते, खाटा होत्या, मोठे स्वयंपाकघर होते आणि कवायत झालेला कर्मचारी वर्ग होता. कित्येक दिवस उपाशी-तहानेल्या माणसांना दोरावरून वर घेतल्यावर पहिल्या तासात नेमके हेच लागते.

एवढे मोठे जहाज छोट्या होडीजवळ नेणे सोपे नसते. पूर्ण वेगातले जहाज थांबायलाच मैलभर किंवा त्याहून जास्त पाणी खाते. मग कप्तान जहाज अशा अंगाने उभे करतो की वारा आणि लाटा त्याच्या एका कुशीवर आपटतात आणि दुसऱ्या कुशीला जरा निवांत पाण्याचा आडोसा तयार होतो. होडी त्या आडोशात घ्यायची किंवा जहाजाची आपली बचाव बोट खाली सोडायची. उंच पोलादी भिंतीवरून दोराची शिडी लोंबत असते. लाटेने होडी वर आली की त्याच क्षणी माणसाने शिडी धरायची. क्षण चुकला तर माणूस होडी आणि जहाज यांच्यामध्ये सापडतो. दमलेल्या, थंडीने आखडलेल्या हातांनी हे जमत नाही. अशा वेळी त्याच्या कमरेला दोर बांधून वर ओढावे लागते.

नियम असूनही माणसे गेल्याची उदाहरणे आहेत. २०१२ मध्ये पनामाच्या तीन मच्छीमारांची होडी इंजिन बंद पडून प्रशांत महासागरात वाहत गेली. 'स्टार प्रिन्सेस' या क्रूझ जहाजावरच्या पक्षीनिरीक्षक प्रवाशांना दुर्बिणीतून ती होडी आणि हात हलवणारा माणूस दिसला. त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले. जहाज पुढे निघून गेले. निरोप आपल्या कप्तानापर्यंत पोचलाच नाही, असे कंपनीने नंतर म्हटले. तिघांपैकी दोघे मेले. तिसरा २८ दिवसांनी गॅलापागोस बेटांजवळ सापडला. जवळ असणे पुरत नाही, खबर योग्य माणसाच्या कानावर जावी लागते. ती का जात नाही, हा प्रश्न एकट्या क्रूझ कंपन्यांचा नाही.

महाराष्ट्राला तर हा धडा 'रामदास'ने केव्हाच दिला होता. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट गटारीला गावी जाणाऱ्या माणसांनी भरली होती. वादळी लाटांत ती काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला खबर लागायला कित्येक तास गेले. जे वाचले, त्यांतल्या अनेकांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले. या कोळ्यांच्या उपकाराची आठवण राज्याने नीट ठेवली नाही, याचे वाईट वाटते.

त्याच पट्ट्यात १४ मार्च २०२० ला अगदी उलटे घडले. गेटवेहून मांडव्याला जाणारी 'अजंठा' बोट तिथल्या धक्क्यापासून जेमतेम किलोमीटरवर असताना तळाला भोक पडून बुडू लागली. बोटीवर ८८ माणसे होती. पोलिसांची गस्ती बोट जवळ होती, तिने धाव घेतली आणि सगळेच्या सगळे वाचले. समुद्र तोच, फक्त मदत हाकेच्या अंतरावर होती.

मे २०२१ मधला 'पी-३०५' हा तेल कामगारांच्या मुक्कामाचा तराफा या दोन्हींच्या मधला. तौक्ते वादळात नांगर तुटून तो मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ भरकटला आणि बुडाला. वर २६१ माणसे होती. 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस कोलकाता' या नौका उधाणात शिरल्या आणि १८६ जण वाचले. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लाइफ जॅकेटच्या आधाराने कित्येक तास काळोखात काढले. जॅकेट अंगावर नसते तर नौदलाला उचलायला माणूसच उरला नसता.

आता समुद्र सोडून नद्या-धरणांकडे यावे. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरुडजवळच्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी एकत्र आलेल्या नातलगांपैकी ११ जण बुडाले. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातल्या शेतमजूर बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा जणी गेल्या. त्याच वर्षी २१ मे ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली, तिथेही सहा जीव गेले. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला म्हणून तो बचावला. तिन्ही ठिकाणी पाणी गोडे होते, काठ डोळ्यांना दिसत होता. तरी दुसरी बोट नव्हती आणि अंगावर जॅकेट नव्हते.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून हा विषय आपला नाही, असे धाडच्या वाचकाने समजू नये. बुलढाणा शहराला पाणी पुरवणारे येळगाव धरण आहे, देऊळगाव राजाजवळचा खडकपूर्णा प्रकल्प म्हणजे संत चोखा सागर आहे. पाणी साठले की मासेमारी येते, काठाला सहली येतात, पलीकडच्या शेतात जायला जवळची वाट म्हणून होडी येते. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणारे मच्छीमार राज्यातल्या कुठल्याही धरणावर दिसतात. त्यांच्यापैकी कितींच्या अंगावर तरंगायचे साधन असते, हे काठावर उभे राहून कुणालाही मोजता येईल.

कायदा नाही, अशी सबबही आता चालणार नाही. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने त्यात आहेतच, शिवाय वल्ह्यावर चालणाऱ्या बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ठेवण्याची वाटही त्याने मोकळी केली आहे. म्हणजे ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर गावच्या धरणावरची प्रत्येक होडी वहीत येऊ शकते. होडी कुणाची, माणसे किती बसवायची, जॅकेट किती, एवढ्या तीन रकान्यांची वही पुरे. आणि जिथे प्रवासी किंवा पर्यटक घेऊन होडी चालते, तिथे दुसरी एक होडी वल्ह्यासकट, दोरासकट काठाला तयार ठेवल्याशिवाय परवानगी देऊ नये. खर्च काही हजारांचा आहे. एका अपघातानंतर सरकार वारसांना जी मदत देते, त्याच्यापुढे तो काहीच नाही.

किनाऱ्यावरही काम शिल्लक आहे. 'नीलकमल'नंतर गेटवेवरच्या लाँचमध्ये प्रत्येक प्रवाशाने जॅकेट घालणे सक्तीचे झाले. हे चांगलेच झाले, पण सक्ती रोज पाळली जाते का, हे रोज पाहणारा माणूस धक्क्यावर हवा. बाकड्याखाली रचून ठेवलेले जॅकेट बोट कलंडल्यावर कुणाच्या हाती लागत नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईत 'क्रूझ भारत मिशन' सुरू झाले आणि २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे प्रवासी दहा लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. कोकणापुढून अशी जहाजे वाढणार असतील तर त्यांच्याकडे केवळ पर्यटनाचा धंदा म्हणून पाहणे चूक ठरेल. डॉक्टर, बचाव बोटी आणि प्रशिक्षित माणसे असलेले प्रत्येक जहाज मच्छीमाराला उपयोगी पडू शकते, पण मच्छीमाराची हाक त्याला ऐकू गेली पाहिजे. मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ठावठिकाणा आणि संकटाचा संदेश पाठवणारी यंत्रे, बसवण्याची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला जाहीर झाली आहे. ते यंत्र आणि जहाजे ज्यावर कान ठेवतात तो रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल, या दोन्ही गोष्टी छोट्यातल्या छोट्या होडीपर्यंत न्याव्यात. योजनेचे यश बोटींच्या आकड्यावर मोजण्याऐवजी किती मच्छीमारांना ते यंत्र संकटात वापरता येते, यावर मोजावे.

मुंबईला सहल जाणार असेल तर शिक्षकांनी आणि पालकांनी एक काम जरूर करावे. लाँच सुटण्याआधी प्रत्येक मुलाच्या अंगावर जॅकेट आहे आणि त्याचे पट्टे आवळले आहेत, हे हात लावून पाहावे. जॅकेट कमी असतील तर ती लाँच सोडून द्यावी, पुढची धरावी. खडकपूर्णाच्या किंवा येळगावच्या पाण्यात होडीत बसतानाही हाच आग्रह धरावा. समुद्रात कुणी संकटात दिसले तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. धरणावर असाल तर ११२ लावा.