पोराला टर्बो, घराला घोर

सध्या आमच्या गोतावळ्यात एकच विषय चालू आहे. भाच्याला गाडी घ्यायची. आता गाडी घ्यायला कुणाची ना असेल? पण ही साधीसुधी गाडी नाही, टर्बोवाली आहे! आठ-नऊ वर्षं वापरलेली, दोन मालकांच्या हातातून आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चिरंजीवांना अठरा पूर्ण व्हायला अजून दिवाळी उजाडायची आहे. पण "चांगला पीस आहे मामा, हातचा जाईल" असं चालू आहे. घरच्या ग्रुपवर फोटो पडले, सगळ्यांनी अंगठे दाखवले, आत्याने तर नारळसुद्धा फोडून टाकला (चित्रातला!).

मी अंगठा दाखवला नाही. का नाही, ते ग्रुपवर चार ओळींत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई आणि भाऊजी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. ब्लॉगवरच्या इतर मंडळींच्या घरातही सोळा ते एकोणीसची पोरं आहेत. तेव्हा हे सगळ्यांसाठीच समजा.

आधी एक मान्य करतो. ही गाडी वाईट नाही. उलट फार गोड गाडी आहे. २०१३ साली ती आली तेव्हा १.२ लिटरच्या एवढ्याशा इंजिनातून १०५ अश्वशक्ती निघते हे ऐकून मीही दोनदा वळून बघितलं होतं. आपण ज्या मारुती ८०० मध्ये सहा जण कोंबून अलिबागहून पुण्याला जायचो, तिच्यात ३७ अश्वशक्ती होती. म्हणजे जवळजवळ तिप्पट! शून्य ते शंभरचा वेग दहा सेकंदांच्या आत, असं कंपनी सांगायची. पोराला ती आवडली यात त्याचा काही दोष नाही. त्या वयात मला आवडली नसती तरच नवल.

पण आवडणं वेगळं आणि अठराव्या वर्षी, वापरलेली, आपल्या रस्त्यांवर चालवायला घेणं वेगळं. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा भाऊजींचा. "अरे, नवी कुठे घेतोय, जुनी आहे, स्वस्तात मिळतेय." भाऊजी, जुनी टर्बो गाडी स्वस्त असते ती फक्त घेण्याच्या दिवशी. टर्बो म्हणजे काय ते एकदा नीट बघा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ही चाकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात आणि हा सगळा कारभार तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललं का? लांब पल्ल्याला दामटून आल्या आल्या किल्ली फिरवून गाडी बंद करायचा का? कुणा दुकानात नेऊन तिच्या संगणकात फेरफार करून आणखी वीस-पंचवीस घोडे काढून घेतले का (पोरं त्याला 'स्टेज वन' म्हणतात) आणि विकताना गुपचूप पूर्ववत केलं का? यातलं काहीही बॉनेट उघडून दिसत नाही. बोनस म्हणून त्या गाडीला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. तो बिघडला की जे बिल येतं, त्याची चौकशी गाडी बघायला जाण्याआधी करा, आल्यावर नको. आपला नाक्यावरचा गॅरेजवाला मारुतीचं इंजिन डोळे मिटून खोलेल. हे खोलायला सांगितलंत तर तोच हात जोडेल.

आणि अशा गाड्या विकणारे कोण असतात? ज्यांनी त्या हौसेने दामटल्या आणि आता ज्यांना खर्चाचा वास आलाय, असे बरेचसे. फियाटची पुंटो अबार्थ आठवते? २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून आली, १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या आत. लोक वेडे झाले होते. आज कंपनीनेच इथला गाशा गुंडाळलाय आणि मालक सुटे भाग शोधत फिरतात. पोलोचं उत्पादनही आपल्याकडे २०२२ साली थांबलं. आता कमवायला न लागलेल्या पोराने असलं लोढणं गळ्यात बांधून घ्यायचं, म्हणजे ते शेवटी कुणाच्या गळ्यात पडणार?

दुसरा मुद्दा: "आत्ता घेऊन ठेवू, दिवाळीनंतर चालवेल." हे वाक्य बोलणाऱ्याला सतरा वर्षांचा मुलगा माहीत नाही. गाडी अंगणात, किल्ली खुंटीवर आणि दिवाळीला चार महिने! २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे पालकानेच सिद्ध करायचं असतं. लायसन्स नसलेल्या पोराच्या हातून कुणाला लागलं, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. भाऊजी, वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकून आलेले पैसे बँकेत आहेत. आजोबांनी शिंपून वाढवलेल्या पोफळी होत्या त्यात. ते पैसे कोर्टात भरायची पाळी यावी असं कुणाला वाटेल?

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले. जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता म्हणून आपण आठवडाभर संतापलो, ते बरोबरच होतं. पण तो संताप करताना आपण सगळे मनातून "ती बड्या बापाची पोरं" असं म्हणत होतो. आपलं पोर त्यात बसत नाही अशी आपली समजूत. किल्ली हातात देणारा बाप करोडपती आहे की वाडीवाला, हे समोरून येणाऱ्या दुचाकीला कुठे कळतं?

तिसरा मुद्दा, जो ताईच्या तोंडी असतो: "तो छान चालवतो रे." ताई, चालवतो, मला मान्य. हात चांगला आहे त्याचा. पण हात आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात १७ मीटर जाते, १०० ला २८ मीटर. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० चे १०० झाले की ती पावणेतीन पट होते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तर जातोच. आता आपला अलिबाग-रेवदंडा रस्ता डोळ्यांसमोर आण. आक्षी, नागाव, चौल... दोन्हीकडे वाड्यांचे गडगे, अंगणातून थेट रस्त्यावर येणारी पोरं, सकाळी डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या कोळणी, सायकलवरचे म्हातारे, आणि शनिवार-रविवार असला की पत्ता शोधत मधेच थांबणारे पाहुणे. साळावचा पूल ओलांडून कोर्लई-बोर्ली-काशीद घ्या, तिथली वळणं तर सांगायलाच नकोत. यात २८ मीटर मोकळे कुठे आहेत?

शिवाय तो एकटा कधीच नसणार. मागे तीन मित्र असणार आणि त्यातला एक "दाब ना" म्हणणार. विशीच्या आतल्या चालकाबरोबर गाडीत त्याच्याच वयाचे जितके जास्त सोबती, तितका जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसून आलंय. म्हणून तिथल्या बऱ्याच राज्यांत नवख्या चालकाला सुरुवातीला मित्र बसवायला आणि रात्री चालवायला बंधनं असतात. आपल्याकडे कच्चं लायसन्स, मग पक्कं लायसन्स, आणि मग डायरेक्ट आकाश!

इथेच मला माझा मुख्य मुद्दा सांगायचाय. आमची मेलबर्नची मावसबहीण म्हणते, तिथे नवख्या पोरांना असल्या गाड्यांची मुभाच नसे. खरं आहे. व्हिक्टोरिया राज्यात २०१४ पर्यंत नवख्यांना टर्बो गाड्या जवळपास सरसकट बंद होत्या. मग नियम बदलून टनामागे १३० किलोवॅट ही मर्यादा आली. त्या मर्यादेत ही पोलो आज बसेल, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण इटलीत पाहा: २०११ पासून पहिल्या वर्षी टनामागे ५५ किलोवॅट. त्यात ती बसली नसती. २०२४ च्या अखेरीस त्यांनी मर्यादा ७५ केली, पण काळ एका वर्षाचा तीन वर्षं केला. आकडे देशागणिक बदलतील. तत्त्व एकच, नवख्याच्या हातात किती ताकद द्यायची हे कुणीतरी ठरवतं.

आपल्याकडे कोण ठरवतं? कायदा अठरा वर्षं बघतो आणि हात झटकतो. विमा? थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर. १ जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये ठरले. आत टर्बो आहे की नाही, चालवणारा अठराचा आहे की अठ्ठावनचा, हे तो दर विचारतच नाही. इंग्लंडमध्ये एखाद्या पोराने अशी गाडी घेतली तर विम्याचा आकडा बघूनच बाप तिला हात जोडतो. आपल्याकडे कायदा, विमा, विकणारा, सगळे 'हो' म्हणायला बसलेत. 'नाही' म्हणायला उरलेत फक्त आईबाप. आणि ते म्हणतात, "एकुलता एक आहे, हौस आहे त्याची."

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला लागला. तो म्हणाला, "मामा, मुंबईवाले रो-रोने मांडव्याला उतरतात, अटल सेतूवरून येतात, मोठमोठ्या गाड्या आपल्या गावातून उडवत नेतात. जमिनी त्यांना, रस्ता त्यांना, आणि आम्ही काय रिक्षातून बघायचं?" याच्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण त्यातली जखम खरी आहे. वाड्यांच्या जागी बंगले झाले आणि त्या बंगल्यांच्या फाटकावर आपलीच पोरं वॉचमन आहेत. पण बाळा, त्यांच्यासारखा वेग घेऊन तू त्यांच्यापर्यंत पोचत नाहीस. ते रविवारी संध्याकाळी परत जातात. रस्त्यावर सोमवारी सकाळी असतात त्या आपल्या काकवा, आपले मास्तर, तुझ्याच शाळेची पोरं. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि सरकारी नोंदीनुसार त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. त्या आकड्यात आपल्या गल्लीतलं नाव नको, मारणाऱ्याचं नको आणि मरणाऱ्याचंही नको.

मग हौसेचं काय? हौस मारू नये, जागा बदलावी. वेगच हवा असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेला रेसिंगचं रीतसर शिक्षण मिळतं. हेल्मेट, मार्शल, रुग्णवाहिका, आणि समोरून म्हैस येत नाही. जुन्या टर्बोच्या एका मोठ्या बिलात एखादा कोर्स निघून जावा. जाऊ दे त्याला. मी येतो सोबत, तिकीट माझं.

आणि गाडी हवीच असेल तर दिवाळीनंतर, लायसन्स हातात आल्यावर, साधी वॅगन-आर किंवा स्विफ्ट घ्या. एअरबॅगा आणि एबीएस असलेली बघा. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, तेव्हा त्यानंतरची मिळाली तर उत्तम. आधी पेणच्या आरटीओत नाव बदलून घ्या, विमाही आपल्या नावावर करा, मग चाकं हलवा. नाव बदलेपर्यंत जबाबदारी कागदावरच्या मालकाची राहते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितलंय. भाऊजी, उद्या ही साधी गाडी विकताना तेच तुमच्यावरही येईल.

दोन पावसाळे त्याने कार्लेखिंडीतून ती गाडी न खरचटता चालवावी. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग स्वतःच्या पैशातून करावं. एकविसाव्या वर्षी त्याला तीच टर्बो हवीशी वाटली तर मी स्वतः गाडी बघायला येईन, तेलाची काठी मीच काढून बघेन.

ताई, तो आठवडाभर जेवणार नाही, दार आपटेल, मामाशी बोलणार नाही. चालेल मला. तेवढा राग मामाच्या खात्यावर टाक. पण त्या विकणाऱ्याला टोकनचे पैसे उद्या पाठवणार आहात असं ऐकतोय, ते पाठवू नका.