विश्लेषण : पूल बांधण्याआधीच मोबाइलवर पाहता आला तर?

अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली आणि मुंबईकरांनी कपाळावर हात मारला. शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नव्हता; दोघांच्या उंचीत दीड मीटरहून अधिक फरक होता. रेल्वेच्या उंचीच्या निकषांमुळे गोखले पूल वर घ्यावा लागला, असे पालिकेने सांगितले. पुढे बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून एका बाजूने १,३९७ मिलिमीटर, तर दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला गेला. ४ जुलै २०२४ रोजी ही जोडणी खुली झाली. असे घोळ आधीच दिसावेत यासाठी तंत्रज्ञान काय करू शकते?

सिम्युलेशन म्हणजे काय?
प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधी ते संगणकात करून पाहणे. समजा, पोकलेनला एक डंपर भरायला ५ मिनिटे लागतात आणि डंपर माती टाकून २५ मिनिटांत परततो. म्हणजे पोकलेन रिकामा राहू नये यासाठी ६ डंपर हवेत. पश्चिम द्रुतगती मार्गावर कोंडी होऊन हाच फेरा ५५ मिनिटांचा झाला, तर १२ लागतील. क्रेन, काँक्रीट मिक्सर, रेल्वेचा रात्रीचा ब्लॉक असे घटक वाढत गेले की हा हिशेब तोंडी जमत नाही.

मग ‘एआर’ कशासाठी?
सिम्युलेशनचे उत्तर आकड्यांत येते. ते बरोबर आहे का, हे साइटवरच्या अभियंत्याला पटावे लागते. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत खरा रस्ता, खऱ्या इमारती कॅमेऱ्यातून दिसतात आणि त्यावर आभासी क्रेन हलताना दिसते. आजूबाजूचा परिसर संगणकात नव्याने उभारावा लागत नाही. गोवा विद्यापीठाचे पदवीधर विनीत कामत आणि त्यांचे सहकारी अमीर बेहजादान यांनी अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात २००० च्या दशकात यावर पायाभूत काम केले. तेव्हा पाठीवर लॅपटॉप, जीपीएस आणि डोक्यावर डिस्प्ले घेऊन फिरावे लागे. २०१७ मध्ये अ‍ॅपलचे एआरकिट आणि गूगलचे एआरकोअर आले आणि ही क्षमता फोनमध्ये पोहोचली.

अडचणी कोणत्या?
साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. दाट इमारतींत ती वाढते. दीड मीटरचा फरक तपासायचा तर अचूक सर्वेक्षणच हवे. खऱ्या खांबामागची आभासी क्रेन खांबापुढे दिसली, तर चित्रच फसवे ठरते. आणि मुळात दोन यंत्रणांचे आराखडे एकत्र आलेच नाहीत, तर कोणताही चष्मा चूक दाखवणार नाही.

म्हणून काय व्हावे?
गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला आणि दोन्ही बाजू सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. या काळात अंधेरीकरांनी वळसे घातले. पुढचा पूल बंद करण्याआधी पालिका, रेल्वे आणि वाहतूक पोलिसांनी कामाचा एकच एकत्रित आराखडा करावा आणि तो जागेवर उभे राहून पाहता येईल, असा नागरिकांपुढे ठेवावा. क्रेन कुठे उभी राहणार, कोणता रस्ता किती दिवस अडणार, जोड कुठे जुळणार, हे प्रश्न गर्डर चढवण्याआधी विचारले गेले, तर उत्तर आराखड्यात दुरुस्ती करून देता येते. नंतर त्यासाठी जॅक लावावे लागतात.