दात काढण्यापूर्वीचा एक प्रश्न



बांबोळीचे असो वा बेळगावचे, दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ माणसे जातात, कारण तेथे खर्च कमी येतो. तेथे आपला दात बहुधा प्रथम पाहतो तो विद्यार्थी. शिक्षकांची देखरेख असते. पण रुग्णाशी पहिले बोलणे त्याचेच होते. म्हणून त्याला काय विचारायला शिकवले आहे, हा आपल्याही जिव्हाळ्याचा विषय आहे.

वयोमानाने हाडे ठिसूळ झाली की डॉक्टर आठवड्याला एक ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाईन किंवा दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन देतात. कर्करोग हाडांत पसरल्यास यांतील काही औषधे पुष्कळच मोठ्या प्रमाणात द्यावी लागतात. ही औषधे हाडाची झीज रोखतात. परंतु जुने हाड जाऊन नवे घडण्याचे नित्याचे कामही त्यामुळे मंदावते. मग क्वचित दात काढल्यावर जखम भरत नाही, हाड उघडे पडते, पू येतो, कधी ओठ बधिर होतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली असे ३६ रुग्ण नोंदवले, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वेधले गेले. जबड्याला किरणोपचार झालेले नसताना, अशी औषधे घेणाऱ्याचे हाड ८ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहिले, तर हा विकार समजावा असा आज नियम आहे.

कोणी म्हणेल, इतक्या दुर्मिळ रोगासाठी विद्यार्थ्यांवर ओझे कशाला? ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्या दहा हजारांत साधारण २ ते ५ जणांनाच तो होतो, हे खरे. कर्करोगाच्या रुग्णांत मात्र प्रमाण बरेच अधिक आहे. आणि एकदा झाला की महिनोन्‌महिने जेवणाचे हाल होतात. निरनिराळ्या देशांत दंतविद्यार्थ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत रोगाचे नाव ठाऊक असलेले पुष्कळ निघाले. औषधे ओळखून पुढचे उपचार नीट सांगणारे कमी. माझे स्पष्ट मत असे की, ही परीक्षा कागदावर न घेता रुग्णाच्या खुर्चीपाशी घ्यावी. "हाडांसाठी किंवा कर्करोगासाठी कोणते औषध घेता, किंवा पूर्वी घेत होता?" हे विचारल्यावाचून विद्यार्थ्याने चिमट्याला हात लावू नये. पूर्वीचे विचारायचे ते अशासाठी, की यांतील काही औषधे हाडात वर्षानुवर्षे राहतात.

अर्धवट ज्ञानाने उलटही घडते. घाबरलेला विद्यार्थी किडका दात तसाच ठेवील, तर तेथील पूच जबड्याला घातक ठरेल. सौम्य विकारात क्लोरहेक्सिडिनच्या चुळा, जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके आणि सुटलेला हाडाचा तुकडा काढणे एवढ्यानेही पुष्कळदा भागते. वाढलेल्या विकारासाठी जबड्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागते. कोणाला केव्हा पाठवावे, हेही शिक्षणच आहे.

आपलेही काही कर्तव्य आहे. दाताच्या दवाखान्यात जाताना औषधांच्या सर्व चिठ्ठ्या न्याव्यात. "हाडाची गोळी" एवढे सांगून भागत नाही. नुसत्या कॅल्शियमने हा विकार होत नाही, म्हणून नाव दाखवावे. असे औषध सुरू होणार असेल, तर पेरणीआधी शेत साफ करतो तसे आधी दात तपासून घ्यावेत आणि काढायचे असतील ते काढून घ्यावेत. आणि हा लेख वाचून कोणीही आपले औषध बंद करू नये. डेनोसुमॅबचे इंजेक्शन चुकले तर पाठीचे मणके मोडू शकतात, आणि खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी माणसे अंथरुणाला कशी खिळतात, हे आपण घरोघरी पाहतो.

विद्यार्थ्याने विचारावे, आपण सांगावे. त्याने विचारले नाही, तर आपणच आधी सांगावे.