नवागतांच्या माथी

कोट्यधीश खेळाडूंच्या वेतनाची चिंता आपण का वाहावी, असे कोणी विचारील. रकमा क्षणभर बाजूला ठेवून व्यवहार पाहावा.

अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये नव्या खेळाडूला संघ निवडता येत नाही. ज्या संघाने त्याला ‘ड्राफ्ट’मध्ये निवडले त्याच्याशीच त्याने करार करावयाचा. तरीही १९९४ साली पहिल्या क्रमांकाने निवडल्या गेलेल्या ग्लेन रॉबिन्सनने घासाघीस करून दहा वर्षांसाठी सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर्स मिळविले. मालकांना ते खुपले, आणि जुन्या खेळाडूंनाही! १९९५ च्या सामूहिक कराराने पहिल्या फेरीतील नवागतांना निवडीच्या क्रमांकानुसार वेतनश्रेणी लागू केली. आजही तीतील आकड्याच्या ८० ते १२० टक्क्यांपलीकडे बोलण्यास जागा नाही.

या करारावर युनियनची सही आहे. ज्यांचे वेतन बांधले गेले, त्यांतील बहुतेक तेव्हा शाळा-कॉलेजांत होते. त्यांना मत कोठले? नवागतांवरील बंधनांविरुद्ध लिऑन वूड पूर्वीच न्यायालयात गेला होता. १९८७ साली अपील न्यायालयाने सांगितले की, इतर उद्योगांप्रमाणे येथेही मागाहून येणाऱ्यास युनियनचा करार बांधतोच. कायदा म्हणून हे योग्यच. एरवी सामूहिक सौदा टिकणार नाही. परंतु म्हणूनच अनुपस्थितांचे हित पाहणे युनियनचे कर्तव्य ठरते.

ज्येष्ठांना तरी काय लाभले? १९९८ मध्ये मालकांनी टाळेबंदी पुकारली. हंगाम ८२ ऐवजी ५० सामन्यांचा झाला, आणि १९९९ च्या कराराने ज्येष्ठांच्याही वैयक्तिक वेतनावर कमाल मर्यादा बसली.