कादंबरींतील मुख व पडद्यावरील मुख

ग्रंथ वाचावा कीं पाहावा, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीस कधीं पडला नाहीं. त्यांस ग्रंथ वाचावाच लागे. पाहण्याची सोय नव्हती. आज इंग्रजी भाषेंतील बहुतेक नामांकित कादंबऱ्यांचीं दूरचित्रवाणीसाठीं केलेलीं रूपांतरें घरबसल्या पाहावयास मिळतात. त्यामुळें इंग्रजीच्या तासास आम्हीं एखाद्या कादंबरीचें नांव काढलें कीं, "सर, ती आम्हीं पाहिली आहे," असें उत्तर मागच्या बांकांवरून येतें. या उत्तरांत, 'आतां ती वाचण्याचें कारण उरलें नाहीं,' हाहि अर्थ दडलेला असतो. तो कितपत खरा आहे, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चर्चा हवेंत राहूं नये म्हणून एकच उदाहरण घेतों. चार्लस् डिकन्स याची 'ब्लीक हाउस' ही कादंबरी मार्च १८५२ पासून सप्टेंबर १८५३ पर्यंत मासिक अंकांच्या रूपानें प्रसिद्ध झाली. भाग वीस, परंतु शेवटचे दोन एकत्र निघाल्यामुळें अंक एकोणीस. दर अंकास एक शिलिंग किंमत पडे व शेवटच्या जोड अंकास दोन. जार्न्डिस घराण्यांतील वारसाहक्काचा एक दावा लंडनच्या चान्सरी न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. अखेरीस खरें मृत्युपत्र सांपडतें, परंतु तोंपर्यंत सर्व मिळकत दाव्याच्या खर्चांतच गडप झालेली असते. या दाव्याच्या छायेंत पुष्कळ माणसें वावरतात. एस्थर समरसन ही पोरकी म्हणून वाढलेली मुलगी. लेडी डेडलॉक ही एका सरदाराची मानी पत्नी व एस्थरची खरी आई. तिचें गुपित हुडकून काढणारा टल्किंगहॉर्न वकील. आणि चिखलानें भरलेला रस्ता झाडून चार पैसे मिळविणारा, निराधार असा जो नांवाचा मुलगा. आमच्या विषयाशीं मुख्यतः या चौघांचा संबंध आहे.

बी. बी. सी. या संस्थेनें या कादंबरीचें दूरचित्रवाणीसाठीं तीन वेळां रूपांतर केलें : १९५९, १९८५ व २००५ या सालीं. यांपैकीं शेवटचें रूपांतर अँड्र्यू डेव्हिस यांनीं केलें. त्याचे पंधरा भाग होते. पहिला एक तासाचा व पुढील प्रत्येक अर्ध्या तासाचा. घरगुती मालिका जशा आठवड्यांतून दोनतीन वेळां दाखवितात, तसे हे भाग आठवड्यांतून दोनदां दाखविण्यांत आले. ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. डिकन्स स्वतः भागाभागांनींच लिहीत असे, आणि पुढील अंकाची वाट पाहावयास लावणें ही त्याच्या कलेची एक बाजू होती. आपल्याकडेहि हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमशःच प्रसिद्ध झाली. तेव्हां एवढ्या बाबतींत पडदा मूळ ग्रंथाशीं बेइमान झाला, असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

पात्रयोजनाहि वाखाणण्याजोगी आहे. लेडी डेडलॉकचें काम गिलियन अँडरसन हिनें केलें आहे. एका अमेरिकन मालिकेंतील स्कली या नांवानें सर्व जगास ओळखीची झालेली ही नटी येथें जवळजवळ हालचालच करीत नाहीं; तिच्या निश्चलपणांतच तिचें दुःख दिसतें. चार्लस् डान्स याचा टल्किंगहॉर्न आवाज न चढवितां धाक बसवितो. एस्थरच्या भूमिकेबद्दल अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन हिला ब्रिटनमधील 'बाफ्टा' हें सर्वोत्तम अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. मूळ कादंबरीचीं प्रकरणें ६७ आहेत व पात्रें कित्येक आहेत. कोण कोणाचा कोण, या गोंधळानें पहिल्या शंभर पानांतच पुस्तक मिटणाऱ्या विद्यार्थ्यास हीं मुखें हात धरून पुढें नेतात. हा उपकार न मानणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु ज्या मुखांचा हा उपकार, त्यांच्यापासूनच अडचणीसहि आरंभ होतो. कादंबरींत गपी नांवाचा एक कारकून चेस्नी वोल्ड येथील वाड्यांत लेडी डेडलॉकचें तैलचित्र पाहतो आणि चकित होतो. हें मुख आपण कोठें तरी पाहिलें आहे, असें त्यास वाटतें. पुढें तें साम्य एस्थरशीं आहे हें त्याच्या ध्यानांत येतें, आणि त्या साम्यावर कथानकाचा मोठा भाग उभा राहतो. पुस्तकांत लेखकानें साम्य आहे म्हटलें कीं तें असतें. पडद्यावर मात्र दोन जिवंत स्त्रिया उभ्या कराव्या लागतात. गिलियन अँडरसन हिचा जन्म १९६८ चा, आणि अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन हिचा १९७७ चा. म्हणजे येथील मायलेकींच्या वयांत नऊच वर्षांचें अंतर! रूपांतहि फारसें साम्य नाहीं. नाटक पाहणारास अशा गोष्टींची संवय असते; तो मनानें भर घालून घेतो. म्हणून यास आम्ही दोष म्हणत नाहीं. खरी हानि निराळ्या ठिकाणीं होते.

जो याच्या अंगांतील ताप एस्थरच्या चार्ली नांवाच्या लहान मोलकरणीस येतो, आणि तिची शुश्रूषा करतां करतां एस्थरला येतो. रोगाचें नांव डिकन्सनें दिलेलें नाहीं. तो देवीचा असावा, असें बहुतेक वाचक समजतात. एस्थर वांचते, परंतु तिचें मुख पूर्वीचें राहत नाहीं. तिच्या खोलींतील आरसे कोणीतरी आधींच काढून ठेविलेले असतात.

गेल्या सत्रांत आम्हीं नववीच्या वर्गास या मालिकेचे कांहीं भाग दाखविले. आजारानंतरची एस्थर पडद्यावर प्रथम आली तेव्हां वर्ग स्तब्ध झाला. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालें, "इतकी कांहीं वाईट दिसत नाहीं!"

हा शेरा निष्ठुरपणाचा नव्हता. उलट, बोलणाराला हायसें वाटलें असावें. तरीहि तो ऐकून आम्ही अस्वस्थ झालों, व कां झालों याचा पुढें कित्येक दिवस विचार करीत होतों. पडद्यावर मुख दिसलें कीं पाहणारा परीक्षक होतो. व्रण किती, रंगभूषा करणारानें कमी लाविले कीं अधिक, याचें तो माप घेऊं लागतो. कादंबरींत अशी सोयच नाहीं. तेथें जवळजवळ अर्धी कथा एस्थर स्वतः सांगते, आणि आपण आतां नेमक्या कशा दिसतों हें ती उघड करून सांगत नाहीं. आपणांस कळतें तें इतरांच्या वागणुकीवरून. तिला पूर्वीं मागणी घालणारा गपी तिनें बुरखा वर करतांच गडबडून जातो, आणि आपली मागणी आतां उरली नाहीं याची साक्षीदारासमक्ष खात्री करून घेतो. याच्या उलट एक लहान मूल, ही बाई पूर्वींसारखी सुंदर कां नाहीं, असें आईस सरळ विचारतें; परंतु त्याची माया तिळभरहि कमी होत नाहीं, आणि तें एस्थरच्या मुखावरून आपला कोंवळा हात फिरवितें. सारांश, कादंबरींत परीक्षा एस्थरच्या मुखाची होत नाहीं; तिच्याकडे पाहणारांची होते, आणि वाचतां वाचतां आपलीहि होऊन जाते. "इतकी कांहीं वाईट दिसत नाहीं," असें पुस्तकाचा वाचक म्हणूंच शकत नाहीं. ती कशी दिसते हें त्याला ठाऊक नसतें, आणि तरीहि तिच्यावर प्रेम करणें त्याला भाग पडतें.

याहूनहि खोल गोष्ट छत्तिसाव्या प्रकरणांत आहे. लेडी डेडलॉक एस्थरला रानांत एकान्तीं गांठते व आपण तिची जन्मदात्री असल्याचें कबूल करते. त्या क्षणीं एस्थरच्या मनांत कोणता विचार यावा? आईनें आपणांस टाकलें, हा राग येत नाहीं. रूप गेलें, हें दुःखहि वर येत नाहीं. आपलें मुख आतां आईच्या मुखासारखें राहिलें नाहीं, म्हणून आपल्याकडे पाहून कोणासहि तिचा कलंक ओळखतां येणार नाहीं, एवढ्याबद्दल ती ईश्वराचे आभार मानते. जग ज्यांस कुरूपता म्हणेल ते व्रण तिच्या दृष्टीनें आईच्या अब्रूवरील पांघरूण ठरतात. हा विचार मनांतला आहे व एका क्षणाचा आहे. अभिनेत्री कितीहि गुणी असो, तिच्या मुखावर अश्रु दिसतील, प्रेम दिसेल. परंतु हें वाक्य कसें दिसणार?

मनांतील गोष्ट बाहेर आणण्यासाठीं रूपांतरकारांस युक्त्या योजाव्या लागतात. टल्किंगहॉर्न हा अबोल मनुष्य. त्याचे बेत प्रेक्षकांस कळावेत म्हणून डेव्हिस यांनीं त्याला क्लॅम नांवाचा एक कारकून दिला आहे. मूळ कादंबरींत हा कारकून मुळींच नाहीं. अशा रीतीनें पात्राच्या विचारास तोंड देतां येतें. परंतु लेखकाच्या स्वतःच्या वाणीस कोणतें तोंड द्यावें? सत्तेचाळिसाव्या प्रकरणांत जो मरतो. वुडकोर्ट नांवाचा तरुण वैद्य त्याच्या उशाशीं बसून त्याला प्रभूच्या प्रार्थनेचे शब्द एकेक करून म्हणावयास लावतो, आणि प्रार्थना पुरी होण्यापूर्वींच मुलाचा प्राण जातो. एवढा प्रसंग कोणताहि चांगला नट डोळ्यांत पाणी आणील असा करूं शकेल. परंतु डिकन्स तेथें थांबत नाहीं. तो कथा सोडून वाचकांकडे वळतो आणि हें मरण प्रथम राणीच्या, मग सरदारांच्या, मग सर्व पंथांच्या धर्मोपदेशकांच्या आणि शेवटीं हृदयांत दया घेऊन जन्मलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या पदरांत टाकतो. असे जीव आपल्याभोंवतीं रोज मरत आहेत, हें सांगून तो प्रकरण संपवितो. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या व तेथेंच शिकविणाऱ्या आम्हांस हीं वाक्यें दरवेळीं बोंचतात; कारण त्या यादींत आमचेंहि नांव आहे. पडदा आपल्याला जो याजबद्दल रडवितो. पुस्तक आपल्याला त्याजबद्दल जबाब विचारतें.

यावर कोणी म्हणेल, नववीच्या मुलानें एवढी अवघड इंग्रजी कादंबरी वाचावी ही अपेक्षाच अवास्तव आहे. कांहींच न वाचण्यापेक्षां पाहिलेलें काय वाईट? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परभाषेंतील प्रत्येक ओळ कष्टानें उलगडावी लागते, हें आम्ही रोज पाहतों. म्हणून पाहूं नका, असें आम्ही सांगत नाहीं. पाहून थांबूं नका, एवढेंच आमचें सांगणें आहे.

विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी. मालिका अवश्य पाहा. परंतु एस्थर आजारी पडण्यापूर्वीं ती थांबवा, आणि पुस्तकाचीं एकतीस, पस्तीस व छत्तीस हीं तीन प्रकरणें कोश हाताशीं घेऊन वाचा. एस्थरचें मुख तुमच्या मनांत कसें उभें राहिलें, तें आपल्या मातृभाषेंत पांच ओळींत लिहून ठेवा. मगच पुढील भाग पाहा. तुमच्या ओळी व पडद्यावरील मुख यांत जें अंतर पडेल, तेवढी एस्थर तुमची स्वतःची झाली असें समजा. सत्तेचाळिसावें प्रकरण मात्र घरीं मोठ्यानें वाचा. तें कानांनीं ऐकण्यासारखें आहे.

पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांबरोबर पडद्यासमोर बसतां तसें आठवड्यांतून एक सायंकाळ पुस्तकासमोरहि बसावें. इंग्रजी येत नसेल तरी अडत नाहीं. मुलानें वाचावें, आपल्या भाषेंत अर्थ सांगावा, आणि आपण ऐकावें. डिकन्सचे अंक त्या काळीं कित्येक कुटुंबांत असेच वाचले जात. एक वाची व बाकीचे ऐकत.

इशायाच्या थोरल्या पुत्राचें रूप व उंची पाहून शमुवेलासारख्या संदेष्ट्यासहि क्षणभर भूल पडली होती, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. डोळ्यांची भूल इतकी जुनी आहे; ती दूरचित्रवाणीनें निर्माण केली नाहीं. परंतु रोज मुखें पाहून माणसें पारखण्याची संवय लागलेल्या मुलांस, मुख न दाखवितां माणूस ओळखावयास लावणारें एखादें पुस्तक आम्हीं दिलें पाहिजे. एस्थरची कथा शेवटीं कशी संपते, पाहा. ती आपल्या रूपाविषयींच बोलत असते, आणि तिचें वाक्य अपुरें राहतें. डिकन्सनें तें तसेंच सोडलें आहे. तें पुरें करण्याचा मान त्यानें वाचकास दिला आहे. तो आपण दुसऱ्या कोणास देऊन टाकूं नये.