दंडाच्या कलमावर विसंबू नका

कंत्राट फसलं की पहिली मागणी होते ती दंड वाढवण्याची आणि पुरवठादाराला काळ्या यादीत टाकण्याची. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतलं धनुष तोफेचं प्रकरण पाहिलं, तर हे दोन्ही उपाय किती उशिरा हाताशी येतात ते कळतं. तोफेसाठी जर्मन बनावटीच्या बेअरिंग हव्या होत्या. त्या नावाखाली दिल्लीच्या एका पुरवठादाराने चिनी माल दिला, असा आरोप ठेवून सीबीआयने जुलै 2017 मध्ये गुन्हा नोंदवला. फॅक्टरीचे अज्ञात अधिकारीही त्यात आरोपी होते. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण फिर्यादीतला एक तपशील महत्त्वाचा आहे: बेअरिंगची मापं जुळत नव्हती, तरी तांत्रिक गरज सांगून त्या स्वीकारल्या गेल्या. तसं झालं असेल, तर करार सैल पडला तो माल ताब्यात घेतानाच. दंडाचं कलम तोवर फाइलीत निवांत पडून होतं.

यावर कुणी म्हणेल, लष्कराला थांबता येत नाही. खरं आहे; 1986 च्या बोफोर्स करारातल्या 410 तोफांनंतर सैन्याला या तोडीच्या तोफांसाठी तीन दशकं वाट पाहावी लागली. म्हणून मापात न बसणारा माल घ्यायची सवलत देऊच नये असं नाही. ती कोणी दिली, कोणत्या चाचणीवर दिली, किंमत किती कापली, हे त्याच दिवशी लेखी हवं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 55 याच वळणाचं आहे: वेळेला महत्त्व असलेल्या करारात उशिरा आलेला माल मुकाट्याने घेतला, तर मागाहून भरपाई मागता येत नाही, घेतानाच तशी नोटीस द्यावी लागते.

दुसरी बाजू ग्राहकाची, म्हणजे माल घेणाऱ्या सरकारी खात्याची, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. माल उशिरा आला की सरकारी खरेदीत साधारणपणे आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्के, थेट बिलातून वळते होतात. ड्रॉइंगची मंजुरी लांबली किंवा तपासणीला माणूसच आला नाही, तर ग्राहकाच्या खिशाला अशी आपोआप कात्री लागत नाही. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करणं बंधनकारक आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. पण जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराने ते मागायचं कुणाकडे? ज्याच्याकडून पुढची ऑर्डर यायची, त्याच्याकडेच. त्यापेक्षा तो गप्प बसतो आणि पुढच्या निविदेत दर चढवून लावतो.

म्हणून दोन्ही बाजूंच्या तारखा एकाच नोंदवहीत, दोघांच्या सह्यांनिशी लिहाव्यात. तसं केलं, तर अधिकारी दक्षता चौकशीच्या भीतीने सहीच करणार नाहीत, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. चौकशीत अडकतो तो बहुधा तोंडी संमती देणारा. कारण लिहून निर्णय घेणाऱ्याच्या हाती निदान कागद असतो.