ताबूत सोडायला सांगणाऱ्यांना

मोहरम जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज फिरतो: ताबूत ही बिदअत आहे, सामील होऊ नका. त्याच आठवड्यात गावातल्या दुसऱ्या ग्रुपवर दुसरा मेसेज फिरतो: पीर हा 'त्यांचा' सण आहे, आपल्या पोरांनी खांदा देऊ नये. हे मेसेज पाठवणाऱ्यांचं आपसात अजिबात पटत नाही. मागणी मात्र दोघांची एकच आहे.

ही मागणी जुनी आहे. पुण्या-मुंबईच्या मोहरमच्या मिरवणुकांत एके काळी हिंदू मोठ्या संख्येने असत. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. पुढच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना ताबुतांपासून लांब राहायला सांगितलं गेलं. शहरांतला सामायिक मोहरम ओसरला. खेड्यांनी तो टिकवला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात आजही गगनचुंबी ताबूत उभे राहतात आणि त्यांत हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात. दक्षिण महाराष्ट्रात मुसलमानांची दोन-चारच घरं असलेल्या गावांतही पीर बसतात, चोंगे आणि मलिदा होतो, नवसाची हिंदू पोरं फकीर होतात. टिळकांच्या काळात जे तुटलं नाही, ते आता आपण आपल्या हाताने तोडायचं?

अकीद्याचा प्रश्न खरा आहे. पंजापुढे नवस बोलणं ज्याला पटत नाही, त्याने बोलू नये. आशुऱ्याचा रोजा धरावा, करबलाच्या शहिदांची आठवण आपल्या पद्धतीने करावी. पण बांबू आणायला, गर्दी सांभाळायला, सरबत वाटायला कोणता अकीदा आड येतो? नमाज कशी पढायची हे ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावं. शेजाऱ्याच्या मानाचा ताबूत चौकात आला की दार लावून घ्यायचं का, हे विचारायला आलिमाकडे जावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. वर्षातून एकदा 'एकोप्याचं प्रतीक' म्हणून फोटो छापायचा आणि उरलेलं वर्ष मुसलमानाच्या दुकानावर बहिष्काराची भाषा करायची, तर अशी परंपरा कशाला जपायची? राग बरोबर आहे. पण फोटो काढणाऱ्याचा राग ताबूत बांधणाऱ्यांवर का काढायचा? मोहरमने आपल्या देशभक्तीचा दाखला द्यावा, अशी अपेक्षाच चूक आहे. पहिला खांदा कोणाचा, नैवेद्य कोणत्या घरचा, भेट कोणत्या चौकात, हे ठरवायला दोन्हीकडची माणसं दरवर्षी एकत्र बसतात. गावात अफवा पसरते तेव्हा एकमेकांना फोन करतात तीही हीच माणसं. हे बसणं थांबलं की फोन कोणाला करायचा?

म्हणून मित्रांनो, यंदा गावी जा. करबलची गाणी ज्या म्हाताऱ्यांना पाठ आहेत, त्यांचा आवाज मोबाइलवर उतरवून घ्या. कोणता मान कोणत्या घराचा, ते वहीत लिहून काढा. कमिटीत जागा मागा, बहिणींसाठीही मागा. डीजे नको म्हणा. आणि 'हा सण तुमचा नाही' असं कुठल्याही बाजूने कोणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: या गावात पीर बसवायला तू कधी आला होतास का?